जालन्याची सळई, समुद्रातली बार्ज आणि भाड्याचा हिशेब

बार्ज भाड्याने घेण्यावर व्हिडिओ करतोय म्हटल्यावर दुकानात पहिला प्रश्न आला, "सर, जालन्यात समुद्र कुठंय?" नाहीच. पण आपल्या एमआयडीसीतली सळई राज्यभर जाते, आणि सळईमागोमाग शटरिंगवाला, सळई बांधणारा ठेकेदारही जातो. उद्या रायगड-रत्नागिरीकडे जेट्टीचं पोटकंत्राट मिळालं, तर माल आणि माणसं पाण्यात न्यायची कशावर? बार्जवर.

बार्ज म्हणजे सपाट तळाचं, मोकळ्या डेकचं तरंगतं व्यासपीठ समजा. बऱ्याच बार्जना स्वतःचं इंजिन नसतं, टग ओढून नेतो. एकाच डेकवर आज सळई, उद्या क्रेन, परवा पोकलेन. काही बार्ज तळात लोखंडी खांब टेकवून जागेवर उभ्या राहतात. वरळीला कोस्टल रोड आणि सी-लिंक जोडणारा पहिला गर्डर एप्रिल 2024 मध्ये बसला, 136 मीटर लांब, सुमारे 2000 टन. तो बार्जवरूनच आला आणि भरती-ओहोटीची वेळ साधून बसवला. अटल सेतूचे पोलादी गाळेही असेच समुद्रातून नेले.

आता भाडं. पोकलेन भाड्याने घेताना आपण काय विचारतो? तासाचा रेट, डिझेल कुणाचं, ट्रेलरची ने-आण कुणाची. इथंही तेच, फक्त आकडे मोठे. नवखा माणूस दिवसाचा रेट ऐकतो आणि टेंडर भरून मोकळा होतो. गडबड इथंच होते.

समजण्यापुरता हिशेब करू, हा काही बाजारभाव नाही. रेट दिवसाला 1 लाख, काम 20 दिवसांचं. डोक्यात 20 लाख बसले. बार्ज दुसऱ्या बंदरातून ओढून आणणं आणि परत पोचवणं, 6 लाख. वारा सुटला, 5 दिवस काम बंद, पण बार्ज तुमच्याच नावावर उभी. थांबल्या दिवसाचा रेट 80 टक्के धरला तरी 4 लाख. झाले 30 लाख, आणि टगचं डिझेल अजून मोजलंच नाही! म्हणजे दीडपट. पोटकंत्राटात एवढा नफा कुणाला सुटतो, तुम्हीच सांगा.

म्हणून कॅलेंडर आधी बघा. जून ते ऑगस्ट आपल्या किनाऱ्यावर खराब हवामानाचा काळ. मे महिन्यात ऑर्डर घेऊन पंधरा दिवसांत उरकतो म्हणणारा बहुतेक वेळा फसतो. खाडीतलं काम असेल तर उधाण आणि भांग समजून घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, भांगाच्या दिवसांत कमी. भरलेली बार्ज किती पाण्यात बसते हे न विचारता नेली, तर ओहोटीला गाळात रुतते आणि पुढच्या भरतीपर्यंत मीटर चालूच. डेकवर दर चौरस मीटरला किती टन चालतं, तेही लेखी घ्या. एका कोपऱ्यात सळईचे बंडल रचायला ते गोडाऊन नाही.

कागद बघताना एक गोष्ट विसरू नका. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदलेली बार्ज खाडी-नदीपुरती. ती उघड्या समुद्रात कामाला लावायची, "बघून घेऊ" म्हणायचं, हे चालणार नाही. क्लासचं सर्टिफिकेट, विमा, दोन्ही चालू तारखेचे हवेत. बार्ज ताब्यात घेताना दोन्ही बाजूंचा माणूस समोर ठेवून सर्व्हे करा, प्रत्येक पोचा फोटोत घ्या. परत देताना पुन्हा तसंच. नाहीतर जुन्या पोच्याचं बिल तुमच्या नावावर फाटतं.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. 17 मे 2021, तौक्ते वादळ. बॉम्बे हायजवळ ओएनजीसीच्या कामावरची पी-305 ही राहण्याची बार्ज बुडाली. वर 261 माणसं, त्यातली 186 वाचली. बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. वादळाचा इशारा आधीच आला होता, तरी ती प्लॅटफॉर्मपासून थोडी दूर करून तिथंच नांगरून ठेवली. रात्री नांगर सुटत गेले, बार्ज वाहत जाऊन प्लॅटफॉर्मवर आदळली. नंतर वाद कशावर? थांबायचा निर्णय कुणाचा होता यावर.

बार्जचा मालक एक, भाड्याने घेणारा दुसरा, टग तिसऱ्याचा, कामगार चौथ्याचे. म्हणून करारात साध्या मराठीत लिहून घ्या: हवामान खात्याचा इशारा आला की किती तासांत परत फिरायचं, फिरा हे कोण सांगणार, त्या दिवसांचं भाडं कुणी सोसायचं आणि ओढायला टग जवळ कुठं उभा असणार. भाडं वाचवायला कुणी थांबायला लावू नये, म्हणून पैशाचं कलम आणि परतीचं कलम शेजारीशेजारी हवं. टगची ताकद किती, हेही नुसत्या फोनवर नको, कागदावर हवं.

बिम्को या संस्थेचे तयार करारनमुने या धंद्यात चालतात. त्यातल्या सप्लायटाइमसारख्या नमुन्यात ज्याची माणसं, ज्याचा माल, त्याचं नुकसान त्यानेच सोसायचं असं तत्त्व असतं, चूक कुणाचीही असो. म्हणजे तुमच्या सळई बांधणाऱ्या पोरांचा विमा तुम्हीच काढायचा, बार्जवाला काढेल या भरवशावर राहू नका. विम्याचा फॉर्म कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत बघू.