घडी घातलेला शुक्र

लॅपटॉपच्या पडद्यावर एक राखाडी कमान उमटली आहे. माथा पांढराफटक, दोन्ही कडा लखलखीत, आणि कमानीच्या पोटात रवाळ करडेपणा, ओल्या वाळूवर मीठ सांडावं तसा. हा शुक्र आहे असं मी घरात सांगितलं, तेव्हा कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यांचंही चुकलं नाही. गोल ग्रहाची कमान कशी होते हे समजायला मला स्वतःला दोन रविवार लागले.

६ जून २०१२ च्या सकाळी पुण्यात आम्ही गच्चीवर ग्रहणाचे चष्मे लावून उभे होतो. ढगांच्या फटीतून सूर्य दिसे, आणि त्याच्यावर शुक्राचा काळा ठिपका. शुक्राचं अधिक्रमण. पुन्हा पाहायचं तर २११७ पर्यंत थांबावं लागेल, त्यामुळे शेजारच्या आजीसुद्धा जिना चढून आल्या होत्या. आम्ही तो ठिपका पाहत होतो त्या दिवसांच्या आगेमागेच प्वेर्तो रिकोतली अरेसिबोची रेडिओ दुर्बीण याच शुक्राला रेडिओ लहरींच्या हाका मारत होती आणि अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामध्ये ग्रीन बँकची दुर्बीण त्या हाकांचे पडसाद टिपत होती. पडद्यावरची कमान त्या पडसादांच्या नोंदीतलीच. ही नोंद कोणालाही उतरवून घेता येते हे मला फार उशिरा कळलं.

माथेरानच्या एको पॉइंटवर आपण ओरडतो आणि डोंगर लगेच उत्तर देतो. शुक्राच्या बाबतीत हे काम धीराचं आहे. तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही सुमारे चार कोटी किलोमीटरवर असतो, आणि हाक जाऊन परत यायला साडेचार-पावणेपाच मिनिटं लागतात. एकच दुर्बीण असेल तर तेवढा वेळ ओरडायचं, मग प्रक्षेपक बंद करून तेवढाच वेळ ऐकायचं, पुन्हा ओरडायचं. २०१२ मध्ये हाक एकाची आणि कान दुसऱ्याचे अशी वाटणी असल्याने ग्रीन बँकला सलग ऐकता आलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, ‘यातून संदेश पाठवता येतो का?’ नाही. त्या तीसही थाळ्या फक्त ऐकतात. अरेसिबोचं वेगळेपण हेच होतं: ३०५ मीटर व्यासाची, डोंगरातल्या खळग्यात बसवलेली थाळी, आणि जोडीला दहा लाख वॅटपर्यंत जाणारा प्रक्षेपक. रडारच्या पडसादाचा हिशोब फार निर्दय असतो. अंतर दुप्पट झालं की पडसाद सोळापट क्षीण. म्हणून शुक्र जवळ येईपर्यंत, म्हणजे दर ५८४ दिवसांनी, वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. त्यातही गंमत अशी, की दर वेळी जवळ येताना तो जवळजवळ तीच बाजू आपल्यापुढे धरतो. पाठीमागची बाजू पृथ्वीवरून अशी कधी नीट दिसलीच नाही, तिथे यानंच पाठवावी लागली.

आता कमान. शुक्राचा आपल्या सर्वांत जवळचा बिंदू आधी उत्तर देतो, कडेचा भाग सर्वांत शेवटी. या दोन्हींमध्ये सुमारे ४० मिलिसेकंदांचा फरक पडतो. म्हणजे पडसाद किती उशिरा आला यावरून तो कुठल्या वर्तुळावरून आला हे कळतं, पाण्यात खडा टाकल्यावर उमटतात तसल्या वर्तुळांपैकी. एक मायक्रोसेकंद म्हणजे दीडशे मीटर, इतकं हे मोजमाप बारीक. पण वर्तुळावर नेमकं कुठे? तिथे शुक्राचं फिरणं कामी येतं. एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, आणि तेवढ्यानं लहरींची वारंवारता किंचित बदलते. आगगाडीच्या शिट्टीचं उदाहरण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं. इथली गाडी मात्र फार हळू आहे. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला २४३ दिवस लागतात, तेही उलट्या दिशेनं. २३८ कोटी हर्ट्झच्या लहरीत फरक पडतो तो अवघा दहा-वीस हर्ट्झचा. तो मोजता येतो यातच या विद्येची सगळी ऐट आहे.

पडद्यावर उभ्या दिशेला उशीर, आडव्या दिशेला वारंवारता. जवळचा बिंदू झाला कमानीचा माथा. आणि इथेच ग्यानबाची मेख. एका उशिराचं वर्तुळ आणि एका वारंवारतेचा पट्टा एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्ही जागांचे पडसाद एकाच क्षणी, एकाच सुरात येतात. कागदाची मधोमध घडी घालावी तशी शुक्राची घडी पडते, वरचं चित्र खालच्यावर. कमानीच्या लखलखीत कडा म्हणजे त्या घडीची दुमड.

घडी उलगडायची कशी? अरेसिबोचा झोत नेमका शुक्राच्या मध्यावर न रोखता जरा उत्तरेकडे सरकवायचा. मग दक्षिणेचा आवाज दबतो. पुरता बंद मात्र होत नाही. मी पहिल्यांदा उत्तर गोलार्धाचा नकाशा काढला तेव्हा त्यात एक फिकट, उलटा आकार दिसत होता, जणू पातळ कागदाच्या मागच्या पानावरची अक्षरं. तासभर मी त्याला पर्वत समजत होतो. तो दक्षिणेकडचा कसला तरी भाग होता.

मग नकाशा तयार करायचा, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला त्याचे अक्षांश-रेखांश परत द्यायचे. एका नोंदीतून येतं ते नुसतं मीठ-मिरी. तशाच कित्येक नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली की मीठ विरघळत जातं आणि खाली काहीतरी घट्ट राहतं. पाचवी, दहावी, पंधरावी. मला या कामात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. कुठलंही एक चित्र खरं नसतं, पण ढीग खरा निघतो. फक्त शुक्र किती फिरला हे बिनचूक माहीत हवं, नाहीतर ढीग घसरतो. शुक्राचा दिवस वीसेक मिनिटांनी कमी-जास्त होत असल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रडारच्याच मोजमापांनी दाखवलं. त्याच्या दाट वातावरणाचे हिसके जमिनीला बसतात.

आणि मग मॅक्सवेल वर आला. शुक्रावरचा सर्वांत उंच पर्वत, सुमारे ११ किलोमीटर, घडीच्या दुमडीपासून खूप दूर उत्तरेला, म्हणून निर्भेळ. १९६७ मध्ये अरेसिबोवरूनच तो पहिल्यांदा ध्यानात आला. शुक्रावरची बाकी जवळजवळ सगळी नावं बायकांची आणि देवींची, तिथे हा एकच पुरुष, जेम्स क्लार्क मॅक्सवेल. त्याच्या पायथ्याला लागून लक्ष्मीचं पठार, काळसर. काळं म्हणजे अंधारलेलं नव्हे, गुळगुळीत. रडारला खडबडीत जमीन उजळ दिसते. गुळगुळीत जमीन लहर पलीकडे फेकून देते. मॅक्सवेलचा माथा मात्र नुसता खडबडीतपणानं इतका उजळ होत नाही, वर काहीतरी धातूसारखं साचलं असावं असं अभ्यासक मानतात. तिथे हिम पडत असेल तर ते कदाचित शिशाच्या सल्फाइडचं. हे वाचल्यापासून मला शुक्राची नेहमीची नारिंगी चित्रं बघवत नाहीत. तो रंग माणसांनी भरलेला आहे. खरी माहिती करडीच आहे.

हे सगळं ज्या थाळीनं केलं ती आता नाही. १ डिसेंबर २०२० च्या सकाळी तारा तुटून तिच्यावर लटकणारा ९०० टनांचा मंच खाली कोसळला. त्याच वर्षी तिनं शुक्राला शेवटची हाक मारली होती.

मला खरं तर एक विवर शोधायचं होतं. आनंदीबाई जोशींच्या नावाचं. त्या अमेरिकेत जशी सही करत त्याच स्पेलिंगनं शुक्रावर ते नोंदलेलं आहे, ३४ किलोमीटर व्यासाचं, उत्तरेला साडेपाच अंशांवर. मॅगेलन यानानं काढलेल्या नकाशात ते आहे. माझ्या नकाशात तिथे पांढरा फराटा आहे. कारण साधं आहे. अधिक्रमणाच्या वेळी पृथ्वी शुक्राच्या कक्षेच्या पातळीत येते, म्हणून त्या दिवसांत दुमड विषुववृत्तालगत पडते. गच्चीवर आम्हाला तो काळा ठिपका ज्या योगामुळे दिसला, त्याच योगामुळे आनंदीबाई घडीत सापडल्या.

मार्च २०१७ ला शुक्र सूर्याच्या आठ अंश उत्तरेकडून गेला. त्या वेळी दुमड दक्षिणेला सरकलेली असणार. तेव्हाची फाइल उतरवायला लावली आहे.