साखर मोजणारा निळा रंग

तापासाठी घेतलेली पॅरासिटॅमॉलची गोळी मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर वाढवीत नाही. काही साखरमापकांवरील आकडा मात्र ती वाढवू शकते. अशा खोट्या आकड्यावर विसंबून जास्त इन्शुलिन टोचले गेल्यास प्रसंग जिवावर बेतू शकतो.

दोष इलेक्ट्रोडच्या कामात असतो. अनेक जैवसंवेदकांत ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते मोजले, की साखर कळते. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर या मोजणीसाठी सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. पण एवढ्या दाबाला युरिक आम्ल, 'क' जीवनसत्त्व व पॅरासिटॅमॉल हेही इलेक्ट्रॉन देऊ लागतात. प्रवाह वाढतो, तो साखरेचा नसतो.

यावर एक उपाय सापडला तो जुन्या रंगात. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये प्रथम तयार झालेला 'प्रशियन ब्ल्यू' म्हणजे लोह व सायनाइड यांचे जटिल संयुग. इमारतींच्या 'ब्लूप्रिंट' निळ्या झाल्या त्या यानेच. (सायनाइडच्या नावाने दचकण्याचे कारण नाही, ते लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते, की १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे किरणोत्सारी सीझियमची बाधा झालेल्यांना हाच रंग औषध म्हणून देण्यात आला.) १९७८ मध्ये त्याचा पातळ थर इलेक्ट्रोडवर बसविता आला आणि १९९०च्या दशकात मॉस्को विद्यापीठातील अर्काडी कार्याकिन यांनी त्यावर ग्लुकोजचा संवेदक उभारला.

या थरातील लोह दोन व तीन या संयुजांत सहज ये-जा करते. त्यामुळे चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत शून्य व्होल्टच्या आसपासच तो पेरॉक्साइडला इलेक्ट्रॉन देतो. येथे पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण नव्हे, क्षपण होते. एवढ्या कमी दाबाला पॅरासिटॅमॉल स्वस्थ राहते. शिवाय स्फटिकाची जाळी अरुंद असल्याने पेरॉक्साइडचा लहान रेणू आत शिरतो, मोठे रेणू बाहेरच राहतात.

अडचण आहे ती टिकाऊपणाची. हायड्रॉक्साइड आयन हे संयुग फोडतात, आणि पेरॉक्साइडच्या क्षपणातून नेमके तेच आयन निर्माण होतात! म्हणजे मोजमाप करता करता थर स्वतःच झिजत जातो. त्यावर निकेलच्या तशाच संयुगाचा आधार देण्याचे प्रयोग झाले. घाम मात्र बहुधा आम्लधर्मी असतो, तेथे हा रंग अधिक तग धरतो. अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या मनगटी पट्ट्यात घामातील ग्लुकोज मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर हाच निळा थर होता.