पी, ए, एन : अक्षरं तीन, घराणी चार

सुरुवात मेसपासून करते, कारण आपल्या हॉस्टेलची सगळी भांडणं तिथेच सुरू होतात. फर्स्ट इयरला एका रविवारी पावभाजी होती. मी ऐटीत म्हटलं, "पावाला पाव का म्हणतात माहितीये? पीठ पायांनी तुडवतात म्हणून!" हे ज्ञान आजीकडून आलेलं. आजीने त्यापायी जन्मात पाव तोंडात घातला नाही. टेबलावर सगळ्या हसल्या, माझी रूममेट सोडून. तिच्या बाबांची सावंतवाडीकडे छोटी बेकरी आहे, ते पहाटे तीनला उठून कामाला लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "हाताने मळतात गं." आणि ताट उचलून निघून गेली.

तो घास घशात अडकला तो अडकलाच. मग एकदा लायब्ररीत गेले आणि खरं काय ते शोधलं. सापडलं ते इतकं मजेशीर होतं की पावावरून सुरू झालेला शोध निम्मा युरोप फिरून आला. तेच आज तुमच्यापुढे वाढतेय.

आपला पाव आला पोर्तुगीजांबरोबर. पोर्तुगीजमध्ये ब्रेडला ‘पांव’च्या जवळचा, नाकातला उच्चार असलेला शब्द आहे. तो आला लॅटिनच्या ‘पानिस’वरून. पोर्तुगीज लोकांनी शब्दाच्या मधला ‘न’ नाकात ढकलला. स्पॅनिश लोकांनी तो सांभाळून ठेवला. म्हणून स्पेनमध्ये ब्रेड म्हणजे पी-ए-एन, ‘पान’. इटलीत ‘पाने’. गोव्यात पाव विकणाऱ्याला पदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्द आणि त्याच घराण्यातला. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले; तिथेही आज ब्रेडला ‘पान’च म्हणतात. म्हणजे पायाचा संबंध शून्य!

आता हीच तीन अक्षरं घेऊन इंग्लंडला जा. तिथे पॅन म्हणजे तवा, कढई. ब्रेड नाही, ब्रेड भाजायचं भांडं! वाटतं की पावाचंच भांडं असणार. पण नाही. हे घराणं जर्मॅनिक. डचमध्येही हा शब्द पी-ए-एनच, आणि जर्मनमध्ये ‘फाने’, कारण तिकडे जुन्या ‘प’चा नियमाने ‘प्फ’ होतो. त्याच्याही मागे बहुधा लॅटिनचा ‘पातिना’, म्हणजे पसरट थाळी, हा शब्द आहे. पानिस वेगळा, पातिना वेगळा.

तिसरं घराणं ग्रीक. तिथे पान म्हणजे ‘सगळं’. हे घराणं आपल्या चांगल्या ओळखीचं. २०२० मध्ये आपल्याला घरी बसवणारा पॅन्डेमिक म्हणजे ‘सगळ्या लोकांचा’. पॅनोरमा म्हणजे ‘सगळं दृश्य’. आणि लोकलच्या टपावरचा पॅन्टोग्राफसुद्धा! मुळात पॅन्टोग्राफ हे चित्राची लहानमोठी नक्कल काढायचं यंत्र, ‘सगळं लिहिणारा’. १६०३ च्या सुमारास क्रिस्टोफ शायनर नावाच्या जर्मन पाद्र्याने ते बनवलं. चार दांड्यांचा तसाच सांगाडा पुढे विजेच्या गाड्यांवर आला आणि नाव तेच राहिलं. मेकॅनिकलवाल्यांनो, लिंकेजच्या वायवाला हे सांगून बघा. मार्क मिळाले नाहीत तरी सर हसतील.

ग्रीकांचा ‘पान’ नावाचा एक देवही आहे. बकऱ्याचे पाय, हातात बासरी, कळपांचा राखणदार. रानात अचानक उगाच भीती वाटते ना, ती याची करणी, म्हणून ‘पॅनिक’. जुने ग्रीक म्हणायचे, हा ‘सगळ्यांचा’ देव. पण आजचे बरेच भाषाशास्त्री त्याचं नाव ‘राखणे, पोसणे’ या अर्थाच्या मूळ धातूशी जोडतात. तो धातू संस्कृतात ‘पा’. गोप म्हणजे गाई राखणारा, त्यातला. गंमत म्हणजे लॅटिनचा पानिसही बहुधा याच धातूतून निघालेला, पोसतो तो पाव.

चौथं घराणं पोलंडचं. तिथे पान म्हणजे ‘श्री’, ‘साहेब’. आदमस्की वगैरे आडनावाआधी लावतात. अनोळखी माणसाशी ‘तू’ न म्हणता ‘पान कुठे जाताहेत?’ असं बोलतात, साधारण आपल्या ‘आपण’सारखं. आणि बाई असेल तर? ‘पानी’! दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते. तिथे ‘पानी’ म्हणून हाक ऐकल्यावर कुणी तांब्या घेऊन धावलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

(आपलं पॅन कार्ड यातलं कुठलंच नाही. ती नुसती तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं.)

मग प्रश्न पडतो, असं होतं कसं? उत्तर सोपं आहे. तोंडातून निघणारे आवाज मोजके, सांगायच्या गोष्टी ढीगभर. टक्कर होणारच. फ्लुइड्समध्ये ऱ्हो म्हणजे घनता आणि इलेक्ट्रिकलमध्ये रोधकता, तसंच हे. चिन्ह एक म्हणून राशी एक होत नाही. ओळखायचं कसं? शब्दाची जुनी रूपं बघायची, आणि शेजारच्या भाषांत तो नियमाने कसा बदलला ते बघायचं. नुसतं कानाला सारखं वाटलं म्हणून नातं जोडायचं नाही.

मी नेमकं तेच केलं होतं. आणि युरोपपर्यंत जायची गरजच नव्हती! मराठीतच बघा : ‘पाव किलो’मधला पाव संस्कृत ‘पाद’वरून, ‘देवा, पाव’मधला ‘प्राप्’वरून आणि वड्यातला पोर्तुगीजमार्गे लॅटिनवरून. तीन पाव, तिघांची तीन घराणी.

जाता जाता एक शब्द फायनल इयरवाल्यांसाठी. ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे पाव, यावरून लॅटिनमध्ये शब्द झाला, एकत्र पाव खाणारा, सोबती. त्याच्यापासूनच ‘कंपनी’. तुम्ही ज्या कंपन्यांची कॅम्पसला वाट बघताय त्या येतील तेव्हा येतील; एक कंपनी रोज मेसच्या टेबलावर बसतेच.

रूममेटला मी सॉरी म्हटलं, दीड वर्ष उशिराने. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने घरून पावाची लादी आणली. मी आजीला फोन लावून सगळं सांगितलं, पोर्तुगीज, लॅटिन, हाताने मळलेलं पीठ. आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "बरं बाई. पण आता माझे दात कुठेत?"

रूममेटने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "आजी, चहात बुडवून खायचा. आमच्याकडे तसाच खातात."