दिवसाला पाव किलोमीटर

अलास्कापासून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडे जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग पनामातल्या याविसा गावाशी थांबतो आणि कोलंबियात पुन्हा सुरू होतो. मधल्या शंभरेक किलोमीटरमध्ये दारिएनचं जंगल आहे, आत्रातो नदीची दलदल आहे. रस्ता नाही.

जंगलातली गाड्यांची मोहीम म्हटलं की चिखल उडवत निघालेली गाडी डोळ्यांपुढे येते. दारिएनमध्ये गाडी बहुतेक वेळ उभीच असते. माणसं कोयते घेऊन पुढे जातात, वेली आणि बांबू तोडतात. खुंट अगदी जमिनीलगत छाटावा लागतो, तिरपा राहिला तर टायर फाटलाच. मग ओढ्याचे काठ कुदळीने उतरते करायचे, ओंडके आडवे टाकायचे, आणि तेव्हा कुठे गाडी चार हात सरकते.

1960 साली एक लँड रोव्हर आणि एक जीप प्रथम हे जंगल पार करून गेली. लँड रोव्हरचं नाव होतं ‘प्रेमळ झुरळ’! 136 दिवस लागले, ताशी सरासरी 201 मीटर. या तुकडीत पनामाच्या मानववंशशास्त्रज्ञ रेइना तोरेस दे आराउस होत्या, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याला आपण निर्जन म्हणतो त्या दारिएनमध्ये एंबेरा आणि गुना लोकांची गावं आहेत, आणि तिथली माणसं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

1972 मध्ये एका ब्रिटिश मोहिमेच्या दोन नव्याकोऱ्या रेंज रोव्हर इथे अडकल्या. दलदलीसाठी मुद्दाम लावलेले मोठे, जड टायरच त्यांना नडले. चिखलात चाक नुसतं गरगरतं तोवर ठीक. तेच चाक एखाद्या मुळावर एकदम पकड घेतं, तेव्हा फिरण्याचा सगळा जोर मागे डिफरन्शियलवर येतो आणि आतली दातेरी चक्रं फुटतात. सुटे भाग मागवावे लागले. वाट काढायला एक जुनी लँड रोव्हर पुढे घातली.

या गाड्यांनी नद्या तराफ्यांवरून ओलांडल्या. लोरेन अप्टन आणि पॅटी मर्सिए यांना तेवढंही पाण्यावरून जाणं नको होतं. 1985 ते 1987 या काळात त्यांनी आपली जीप सगळीकडे जमिनीवरूनच नेली. त्यांच्या वाटेच्या 201 किलोमीटरला 741 दिवस लागले.

महामार्गाचा तो तुकडा आजही बांधलेला नाही. रस्त्याबरोबर गुरांचा लाळ-खुरकूत रोग उत्तरेला येईल, ही अमेरिकेची धास्ती त्याचं एक कारण होतं. 1981 पासून पनामाच्या बाजूचं दारिएन राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसा आहे.

रस्ता नसतानाही 2023 या एका वर्षात पाच लाखांहून अधिक स्थलांतरितांनी हे जंगल पायी ओलांडलं. कितीतरी जणांच्या कडेवर मुलं होती.