कुट्टनाडातील जलमार्ग

बडोद्याच्या राज्यकारभाराची घडी बसविणारे दिवाण म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. परंतु बडोद्यास येण्याच्या कितीतरी आधी, सन १८५८ ते १८७२ या काळात, त्यांनी दक्षिण केरळातील त्रावणकोर संस्थानाची दिवाणगिरी केली, आणि त्या अमदानीत जी सार्वजनिक कामे हाती घेतली गेली त्यांत वर्कलाजवळचा डोंगर पोखरून त्यातून नावांचा कालवा नेण्याचे काम अग्रगण्य होते. एका कालव्यासाठी डोंगराला भोके पाडण्याचा खटाटोप संस्थानाने का करावा, याचे उत्तर त्या मुलखाच्या रचनेत आहे: समुद्राला समांतर पसरलेल्या खाऱ्या-गोड्या जलाशयांची माळ हाच तेथील राजरस्ता होता, आणि जकातीचा माल, सरकारी टपाल, भात, नारळ व मिरी ही सारी त्याच वाटेने जात.

या माळेतील सर्वांत विस्तीर्ण जलाशय वेंबनाड, आणि त्याच्या दक्षिणेचा सखल प्रदेश कुट्टनाड. पंपा, मणिमला, अच्चन्कोविल व मीनच्चिल या नद्या सह्याद्रीचा गाळ येथे आणून टाकतात, आणि त्या गाळाची जमीन करण्याचे काम माणसाने केले आहे. पाण्यात माडाच्या खोडांचे खांब दुतर्फा ठोकावयाचे, तळाशी बुडी मारून चिकणमाती वर काढावयाची, ती नावेत भरून खांबांच्या मधोमध ओतावयाची, बांध उभा राहिला म्हणजे आतले पाणी पायांनी फिरविण्याच्या रहाटाने उपसावयाचे, आणि मग समुद्रसपाटीच्याही खाली गेलेल्या त्या चिखलात भात लावावयाचे, अशी ही शेती. बांधाची माती, पेरणीचे बियाणे, कापलेल्या पेंढ्या, सारेच नावेने वाहावयाचे असल्यामुळे, आपल्याकडे ज्या घरी बैलजोडी असते त्याच स्थानी तेथे दारातल्या माडाला बांधलेली लहानशी नाव असते. तिच्यातूनच बाळंतिणीला दवाखान्यात नेतात व तिच्यातूनच नववधू सासरी येते.

मोठ्या मालाची नाव म्हणजे केट्टुवळ्ळम. तिची बांधणी पाहताना सुताराच्या बुद्धीपुढे मस्तक नमते. आंजिली, म्हणजे रानफणसाच्या जातीचा वृक्ष, त्याच्या फळ्या वाकवून एकास एक भिडवितात, त्यांच्या कडांना भोके पाडतात, सांध्यात काथ्या ठासून भरतात आणि काथ्याच्याच दोरीने फळी फळीला शिवून टाकतात; लोखंडी खिळा एकही लागत नाही. वरून काजूच्या टरफलांचे तेल देतात, त्याने लाकडाचे रक्षण होते व नावेला तिचा काळाभोर वर्ण येतो. खाऱ्या पाण्यात खिळा गंजतो आणि आपल्याभोवतीचे लाकूडही कुजवितो. शिवलेला सांधा मात्र उथळ पाण्यात तळ आपटला तरी किंचित लवतो, आणि दोरी जीर्ण झाली की उसवून नवी शिवण घालता येते. वेताच्या व बांबूच्या चटयांच्या छपराखाली कित्येक टन भात भरून नावाडी लांब बांबू तळाशी रोवीत, त्यावर भार देत नाव पुढे रेटीत, आणि उघड्या पाण्यात वारा मिळाला की शीड उभारीत. तीच शिवण आजही जुन्या केट्टुवळ्ळमांच्या तळाला धरून आहे, हे केवढे तिचे बळ!

हा जलमार्ग निर्धोक मात्र कधीच नव्हता. मल्याळम भाषेचे महाकवी कुमारन् आशान यांना जानेवारी १९२४ मध्ये पल्लनाजवळ प्रवासी बोट उलटूनच जलसमाधी मिळाली.

पुढे सडका झाल्या, मालमोटारी आल्या, आणि केट्टुवळ्ळमांचा धंदा बसला. १९९० नंतर त्यांवर खोल्या चढवून प्रवाशांची तरंगती घरे करण्यात आली. त्यामुळे शिवणकाम जाणणाऱ्या सुतारांच्या हाताला काम राहिले, ही जमेची बाजू मोठी आहे. परंतु या नौकांची यंत्रे व त्यांतून पाण्यात जाणारे तेल व सांडपाणी यांचा भार त्याच जलाशयावर पडतो, ज्यात गावकरी स्नान करतात व मासे धरतात. १९७६ साली सुरू झालेल्या, वेंबनाडावरील तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्यानेही भरतीचे खारे पाणी अडवून भाताचे पीक राखले खरे, पण दरवाजे बंद असतात त्या महिन्यांत कोळंबीची व मासळीची ये-जा तुटते, आणि खाऱ्या पाण्याने जी मरत असे ती जलपर्णी कालवे व्यापून वल्हे चालू देत नाही. कोळी व शेतकरी या दोघांचा निर्वाह एकाच पाण्यावर असताना दरवाजे कधी उघडावे याचा निर्णय दोघांना बसवून घेतला गेला पाहिजे, असे मला फार तीव्रतेने वाटते.

सडका झाल्या तरी नावेची गरज मात्र सरलेली नाही. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात आलप्पुळा-चंगनाश्शेरी सडक पाण्याखाली गेली, तेव्हा कुट्टनाडची रयत नावांतूनच बाहेर काढण्यात आली; किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी तर आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून केरळातील पूरग्रस्त गावांत नेल्या. सरकारी जलवाहतूक खाते १९६८ पासून आलप्पुळ्याहून चालते, आणि ज्या बेटांना अद्याप पूल नाही तेथील शाळकरी मुले, मजूर व कोळणी यांचा दिवस त्याच्या बोटींच्या वेळापत्रकावर बेतलेला असतो. याच खात्याने जानेवारी २०१७ मध्ये वैक्कम ते तवणक्कडवू या तरीवर पंचाहत्तर उतारूंची ‘आदित्य’ ही सूर्यशक्तीवर चालणारी बोट घातली. ना धूर, ना तेलाचा तवंग, आणि भाडे गरिबाला परवडणारे. पैसा खर्चावयाचाच असेल तर तो अशा बोटींवर खर्चावा, आणि आलप्पुळ्याहून आतल्या गावांकडे जाणाऱ्या प्रत्येक तरीवर त्या घालाव्या.