“तुला ठाऊकच आहे की!”

मैत्रिणींनो, आमच्या परभणीकडे थोरल्या जाऊबाईंना विचारा, “जात्यावर बसलात की काय गात होता?” उत्तर ठरलेलं : “अगं, त्यात काय सांगायचं? तुला ठाऊकच आहे की!” आपणही मान डोलावतो, आणि विषय तिथंच संपतो.

आपल्याच माणसांचा अभ्यास करताना हीच मोठी अडचण. भाषा येते, ओळख असते. पण रोजचं म्हणून काही दिसतच नाही.

इरावती कर्वे यांना मात्र दिसलं. बर्लिनहून डॉक्टरेट घेतलेल्या या विदुषी पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर पायी चालल्या. अभंग सर्वांचे एकच, पण ब्राह्मणांची पंगत निराळी, मराठ्यांची निराळी. स्वतः ब्राह्मण असूनही ही बोच त्यांनी लपवली नाही, लिहून ठेवली. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, तेव्हा कुठं त्या बायका हात धरून आपलं सुखदुःख सांगू लागल्या!

पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बायकांनी ओवीत डॉ. आंबेडकरांनाही गायलं आहे. जातं म्हणजे फक्त माहेर आणि विठोबा, असं धरून बसलं असतं तर हे कानी आलं असतं का?

आता जाती कोपऱ्यात गेली, गाणाऱ्या थकल्या. तेव्हा वही घ्याच. चार गोष्टी सांभाळा :

• दाणे निवडता निवडता विचारा. हाताला काम असलं की तोंड मोकळं होतं.

• “मला नाही ठाऊक, तुम्हीच सांगा” असं म्हणा.

• त्यांचं “व्हतं”, “कामून” तसंच लिहा. शुद्ध करू नका.

• मोबाईलवर आवाज घ्यायचा तर आधी विचारा. सासुरवासाचं काही बोलल्या आणि “हे लिहू नगं” म्हणाल्या, तर पेन खाली ठेवा. परका अभ्यासक निघून जातो. आपल्याला त्याच घरात नांदायचं असतं. एकीचं दुःख लग्नघरात चघळलं गेलं, तर दुसरी तोंड उघडणार नाही.

आणि हो, वही घेऊन आपल्याच गल्लीत थांबू नका. ज्या घरी आजवर पाणी प्यालो नाही, तिथं आधी जेवायला बसा. ओवी मागाहून येईल.