आरपीजी भाषेत पान संपल्याची दखल: ओव्हरफ्लो इंडिकेटर

आरपीजी म्हणजे रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर. आयबीएमने १९५९ मध्ये आणलेली ही भाषा मुळात छापील अहवालांसाठी होती. त्यामुळे पान कधी संपते, हा प्रश्न तिच्या रचनेतच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथील भातखरेदीची यादी छापायची आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या तीन ओळी आहेत: नाव, पोत्यांचे वजन आणि देय रक्कम. ११ इंची कागदावर इंचाला ६ प्रमाणे ६६ ओळी बसतात. ओव्हरफ्लो ओळ ६० मानू. छपाई या ओळीवर किंवा तिच्यापुढे गेली की इंडिकेटर चालू होतो. तो फक्त सूचना देतो. छपाई तिथे थांबत नाही.

आरपीजीचे अंगभूत चक्र वापरल्यास इंडिकेटरशी जोडलेल्या शीर्षक-ओळी चक्रच योग्य वेळी छापते. मात्र आपणच लूप लिहून छपाई करत असू, तर तपासणीही आपणच करावी लागते. क्रम असा ठेवावा:

१. लूपपूर्वी इंडिकेटर चालू करा. म्हणजे पहिल्या पानालाही शीर्षक मिळेल.
२. नवीन शेतकरी सुरू करण्यापूर्वी इंडिकेटर तपासा.
३. तो चालू असल्यास नवीन पानावर शीर्षक छापा आणि इंडिकेटर बंद करा.
४. मग तिन्ही ओळी छापा.

तपासणी प्रत्येक ओळीनंतर केल्यास नाव एका पानावर आणि रक्कम दुसऱ्या पानावर जाऊ शकते. पाने सुटी झाली, तर ती रक्कम कोणाची हे कळणार नाही. इंडिकेटर बंद करायचे राहून गेले, तर प्रत्येक शेतकऱ्यासाठी नवे पान निघेल.

आता ६० हा आकडा पुरेसा आहे का, ते पाहू. मागचा गट ५९व्या ओळीवर संपला, तर इंडिकेटर बंदच असतो. पुढच्या तीन ओळी ६० ते ६२ वर बसतात आणि तळटीपेसाठी चार ओळी उरतात. पण गट आठ ओळींचा असेल, तर तो ६७व्या ओळीपर्यंत, म्हणजे पानाबाहेर जाईल.

म्हणून नियम असा: ओव्हरफ्लो ओळ + गटाच्या ओळी + तळटीपेच्या ओळी − १ ही बेरीज पानाच्या एकूण ओळींपेक्षा जास्त नसावी. आठ ओळींचा गट आणि दोन ओळींची तळटीप असल्यास ओव्हरफ्लो ओळ जास्तीत जास्त ५७ ठेवता येते.

स्वाध्याय: गट पाच ओळींचा आणि तळटीप तीन ओळींची असल्यास हा आकडा किती येईल?